उंच केलेल्या जीपचा मागचा दांडा

धुळ्याहून उत्तरेकडे शिरपूरच्या वाटेनें निघालें, अथवा दोंडाईचे-शहाद्यावरून वायव्येकडे वळलें, म्हणजे कांहीं वेळानें क्षितिजावर सातपुड्याची निळसर ओळ दिसूं लागते. दुरून ही ओळ मोठी सौम्य भासते. जवळ जावें तेव्हां तिचा खरा स्वभाव कळतो. तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून अकराशें मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि तेथील यशवंत तलावाच्या कांठीं पोंचण्यापूर्वीं गाडीला वळणावळणाचा घाट चढावा लागतो. धडगांव, मोलगी, अक्कलकुवा या बाजूस हमरस्ता सोडून एखाद्या पाड्याची वाट धरली कीं दगड, नाला आणि खोल चाकोरी यांचें राज्य सुरू होतें. हा सारा मुलूख १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळें जिल्ह्यांतच मोडत असे.

अशा मुलुखांत गाडी चालविणाऱ्याच्या मनांत एक इच्छा हटकून उत्पन्न होते. ती म्हणजे गाडीचें पोट जमिनीपासून चार बोटें अधिक उंच असावें. ही इच्छा नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या, आणि युद्ध संपल्यावर ती जात जगभर पसरली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढें खेडोपाडीं 'जीप' हा शब्द बैलगाडीइतकाच घरगुती झाला. जुनी जीप आंखूड, काटक आणि दुरुस्तीस सोपी. तिच्या खालीं लोखंडी पाट्यांच्या कमानी. या कमानींना अधिक बांक देऊन, लांब शॅकल लावून, अथवा आंसाखालचे पाटे काढून ते आंसाच्या वर बसवून गाडी उंच करण्याची हौस आज पुष्कळांना आहे.

गाडी उंच होते. मालक प्रसन्न होतो. दगड पोटाला घासत नाहीं, मोठें चाक बसतें, आणि रस्त्यावरचीं माणसें वळून पाहतात. परंतु चार दिवसांनीं तोच मालक मिस्त्रीकडे परत येतो, आणि खानदेशी बोलींत तक्रार करतो, "दादा, गाडी उंच व्हयनी, पन आते थरथरस." मग चाकें तपासलीं जातात, इंजिनाचे रबर बदलले जातात, टायरांत वजनें ठोकलीं जातात, थरथर कांहीं जात नाहीं. रोग रेड्याला आणि डाग पखालीला, अशांतला हा प्रकार. रोगाचें मूळ असतें गाडीच्या पोटाखालीं, गिअरबॉक्सच्या मागून निघून मागच्या आंसापर्यंत जाणाऱ्या एका पोकळ दांड्यांत, आणि त्याच्या दोन टोकांच्या दोन सांध्यांत.

हा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाची शक्ति मागच्या चाकांकडे नेण्याचें काम त्याचें. गिअरबॉक्स आणि तिला जोडलेली ट्रान्स्फर केस या चौकटीला बांधलेल्या. मागचा आंस मात्र पाट्यांवर वरखालीं नाचणारा. एक टोक स्थिर आणि दुसरें चंचल, अशा दोहोंना जोडणारा दांडा सरळसोट असून चालत नाहीं. त्याला दोन्ही टोकांस वळणारे सांधे लागतात. या सांध्यांत अधिक चिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो, म्हणून मिस्त्री लोक त्याला 'क्रॉस' म्हणतात. या कल्पनेशीं सोळाव्या शतकांतील इटालियन गणिती जिरोलामो कार्दानो याचें नांव जोडलेलें आहे; सतराव्या शतकांत इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें तिचा अभ्यास केला आणि आपल्या उपकरणांत तिचा उपयोग सुचविला; आणि १९०३ सालीं अमेरिकेंतील क्लॅरेन्स स्पायसर यानें मोटारीसाठीं अशा सांध्याचें पेटंट मिळविलें. तेथून साखळीनें मागचीं चाकें फिरविण्याची जुनी रीत मागें पडत गेली.

या सांध्याचा गुण सर्वांना ठाऊक असतो. त्याचा दोष मात्र थोड्यांना माहीत असतो. क्रॉस वांकवून फिरविला, तर एका बाजूनें एकसारखी गति दिली असतांही दुसऱ्या बाजूस ती एकसारखी मिळत नाहीं. एका फेऱ्यांत दोनदां ती किंचित् पुढें धांवते आणि दोनदां किंचित् मागें रेंगाळते. हा चढउतार किती, तें सांधा किती वांकला आहे यावर अवलंबून असतें. ५ अंशांचा कोन असेल तर गतींत शेंकडा अर्ध्याहूनही कमी फरक पडतो. १० अंशांस तो शेंकडा दीड, २० अंशांस शेंकडा सहा, आणि ३० अंशांस शेंकडा तेरा ते पंधरा. म्हणजे कोन दुप्पट केला कीं दोष जवळजवळ चौपट होतो. गाडी उंच करणाराची पहिली फसगत येथें होते. 'थोडासाच तर कोन वाढला,' असें तो म्हणतो. परंतु दोष थोडासा वाढत नाहीं.

हा दोष किती वेळां प्रकट होतो, तेंही पाहावें. ७६ सेंटिमीटर व्यासाचें चाक ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवत असतां मिनिटाला सुमारें ४२० फेरे घेतें. मागच्या आंसांतील दांत्यांचें प्रमाण जुन्या जीपप्रमाणें ५·३८ धरलें, तर दांडा त्याच मिनिटांत सुमारें २,२५० फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यांत दोन हिसके याप्रमाणें मिनिटाला साडेचार हजार हिसके आंसाला बसतात. हे हिसके डोळ्यांना दिसत नाहींत. कानाला घूं घूं असा आवाज आणि बसणाराच्या पायाला बारीक कंप, एवढेंच त्यांचें बाह्य रूप.

मग कारखान्यांतून निघालेली गाडी कां थरथरत नाहीं? तिच्यांतही क्रॉस असतात आणि तेही वांकलेले असतात. याचें उत्तर सुंदर आहे. एका क्रॉसचा दोष दुसरा क्रॉस फेडतो. वरचा सांधा ज्या क्षणीं दांड्याला पुढें ढकलतो, त्याच क्षणीं खालचा सांधा तेवढेंच मागें ओढतो, आणि आंसाला मिळणारी गति पुन्हा एकसारखी होते. मात्र यासाठीं दोन अटी आहेत. पहिली अट, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले पाहिजेत. म्हणजेच गिअरबॉक्सकडून बाहेर येणारा दांडा आणि मागच्या आंसांत शिरणारी पिनियन हीं एकमेकांना समांतर असावींत. दुसरी अट, मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे कान एकाच पातळींत असावेत. दांडा मध्यें दांतेरी जोडावर सरकणारा असतो; तो उघडून पुन्हा बसवितांना एकदोन दांतांची चूक झाली, तर दोष फिटण्याऐवजीं वाढूं लागतो. म्हणून जाणता मिस्त्री दांडा सोडण्यापूर्वीं दोन्ही भागांवर पंचनें खूण करतो. खडूची खूण तेलानें पुसली जाते, पंचची राहते.

आतां गाडी उंच केल्यावर काय घडतें, तें एका उदाहरणानें पाहूं. समजा, आंखूड जीपच्या दोन सांध्यांमध्यें आडवें अंतर ६० सेंटिमीटर आहे, आणि पुढचा सांधा मागच्याहून १२ सेंटिमीटर उंच आहे. दांड्याचा उतार सुमारें ११ अंश येतो. गिअरबॉक्सचें तोंड मागें ३ अंश खालीं कललेलें आणि पिनियनचें तोंड ३ अंश वर उचललेलें, म्हणजे दोघें समांतर, असें धरलें, तर प्रत्येक सांध्याचा कोन ११ वजा ३, म्हणजे ८ अंश होतो. आतां गाडी १० सेंटिमीटर उंच केली. उंचीचा फरक २२ सेंटिमीटर झाला. दांड्याचा उतार २० अंशांवर गेला. प्रत्येक सांधा १७ अंश वांकला. पूर्वीं मधल्या दांड्याच्या गतींत शेंकडा एक फरक पडत होता. आतां साडेचार पडूं लागला. हाच १० सेंटिमीटरांचा बदल दीड मीटर लांब दांड्याच्या ट्रकमध्यें केला, तर उतार पांचांवरून आठ अंशांवर जातो, एवढेंच. आंखूड गाडीला उंची महाग पडते ती यासाठीं.

येथवर आल्यावरही दोन्ही कोन सारखे राहिले, तर आंसापर्यंत हिसका जात नाहीं. क्रॉस मात्र लवकर झिजतात. घोटाळा होतो तो यापुढें. दांडा तिरपा झालेला पाहून मालक म्हणतो, "पिनियनचें तोंड जरा वर करा, म्हणजे दांडा सरळ होईल." मिस्त्री पाटा आणि आंस यांच्यामध्यें ६ अंशांची पाचर घालतो. खालचा सांधा १७ अंशांवरून ११ वर येतो, आणि डोळ्याला तो खरोखर सुधारल्यासारखा दिसतो. परंतु वरचा सांधा १७ अंशांवरच राहिला. दोघांची बरोबरी मोडली. हिशेब केला तर, जणूं काय एकच सांधा १३ अंश वांकवून लावला असावा, तितका दोष आतां थेट आंसाला पोंचूं लागतो. एका कोनाला सुधारावयास जाऊन दोघांची समता बिघडविली, असें येथें होतें. लांब शॅकल लावली तरी हाच परिणाम घडतो. पाट्याचें मागचें टोक खालीं जातें, आंस फिरतो, आणि कोणी न सांगतां पिनियनचें तोंड वर येतें.

पिनियन सरळ दांड्याकडे रोखण्याची रीत चुकीची आहे असें नव्हे. ती निराळ्या दांड्यासाठीं आहे. ज्या दांड्याच्या वरच्या टोकास एकाला लागून एक असे दोन क्रॉस बसविलेले असतात, त्याला दुहेरी सांधा म्हणतात. तेथें वरचे दोघे आपसांतच एकमेकांचा दोष फेडतात. खालच्या एकट्या क्रॉसला मग फेडावयास कांहीं उरत नाहीं. म्हणून त्याचा कोन जवळजवळ शून्य ठेवावा लागतो, आणि पिनियन दांड्याच्या रेषेंत आणावी लागते. तात्पर्य, एकेरी दांड्याचा नियम समांतरतेचा आणि दुहेरी दांड्याचा नियम सरळ रेषेचा. खालीं कोणता दांडा आहे तें न पाहतां दुसऱ्याच्या गाडीची पाचर आपल्या गाडीला लावणें म्हणजे दुसऱ्याचा चष्मा आपल्या नाकावर चढविण्यासारखें आहे.

हे कोन मोजावयास मोठीं यंत्रें लागत नाहींत. शाळेंतल्या कंपासपेटींतील कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला बांधलेला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला एक जड नट, एवढ्यावर काम भागतें. गवंड्याच्या ओळंब्याचीच ही धाकटी बहीण. लोहचुंबकानें चिकटणारें तयार कोनमापकही मिळतें. महत्त्व साधनाला नाहीं, पद्धतीला आहे. गाडी सपाट जागेवर उभी असावी, आणि ती सपाट आहे हें पाणसळ लावून पाहावें. टायरांत नेहमींची हवा असावी. गाडींत नेहमींचें ओझें असावें. चौकटीला जॅक लावून मागचा आंस लोंबकळत ठेवूं नये. तसें केल्यास पाटे सैल पडतात आणि मोजलेले सर्व कोन खोटे ठरतात. चारही चाकें जमिनीवर, अथवा दोन्ही आंस पक्क्या घोड्यांवर सारख्या उंचीनें टेकलेले असावेत. चाकांना पुढूनमागून ठोकळे लावल्याशिवाय आणि घोडे बसविल्याशिवाय कोणीही गाडीखालीं शिरूं नये. नुसत्या जॅकच्या भरंवशावर राहणें हें धाडस नव्हे, अविचार आहे.

तीन आंकडे लिहून घ्यावेत. पहिला, ट्रान्स्फर केसमधून बाहेर येणाऱ्या दांड्याचा उतार, दुसरा, मधल्या दांड्याचा, तिसरा, पिनियनचा. पहिल्या दोहोंतला फरक हा वरच्या सांध्याचा कोन. शेवटच्या दोहोंतला फरक हा खालच्या सांध्याचा. कागदावर हे आंकडे मांडले कीं अर्धा रोग तेथेंच सांपडतो.

उपाय करतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. पाट्यांची गाडी जोर घेते तेव्हां आंस किंचित् उलट फिरतो, आणि पिनियनचें तोंड वर उचललें जातें. चढावर पहिल्या गिअरमध्यें हें अधिकच होतें. म्हणून उभ्या गाडींत पिनियन हव्या असलेल्या कोनापेक्षां एकदोन अंश खालीं ठेवण्याची वहिवाट आहे; चालतांना ती आपोआप जागेवर येते. पाचर घालावयाची तर ती पोलादी असावी, आणि कोणती बाजू पुढें हें विचारपूर्वक ठरवावें. पाटा आंसाच्या वर असेल, तर पिनियन वर करण्यासाठीं पाचरेची जाड बाजू मागें येते. पाटा आंसाच्या खालीं असेल, तर ती पुढें येते. यू-बोल्ट आवळल्यानंतर थोडी गाडी चालवून ते पुन्हा आवळावे लागतात. पाटे आंसावर घेतांना नवी बैठक वेल्ड करावयाचीच असते. तेव्हां ती प्रथमच योग्य कोनांत वेल्ड करणें हें मागाहून पाचर ठोकण्यापेक्षां शतपट बरें. वरचा कोन कमी करावयाचा असेल, तर ट्रान्स्फर केस खालीं उतरवितात. परंतु त्यामुळें तिचा कल वाढतो, त्यानुसार पिनियनही बदलावी लागते, रेडिएटर आणि पंखा यांमधील अंतर तपासावें लागतें, आणि मोठ्या खटपटीनें मिळविलेल्या पोटाखालच्या उंचीपैकीं कांहीं परत द्यावी लागते.

आणखी दोन गोष्टी सहज विसरल्या जातात. वरच्या उदाहरणांत गाडी १० सेंटिमीटर उंच केल्यावर दोन सांध्यांमधील तिरपें अंतर ६१ सेंटिमीटरांवरून ६४ सेंटिमीटरांजवळ जातें. तेवढ्यानें दांतेरी जोड उघडा पडतो. आणि नाल्यांत एक चाक खालीं लोंबलें, तर तो आणखी उघडतो. पकड फार कमी राहिली, तर दांडा जोडांतून निसटूं शकतो. म्हणून उंच गाडीला बहुधा लांब दांडा करावा लागतो. दुसरी गोष्ट तेलाची. पिनियनचें तोंड फार वर उचललें कीं तिच्या पुढच्या बेअरिंगकडे तेल पोंचेनासें होतें, आणि तेल मोजण्याचें भोंकही कलल्यामुळें पूर्वींची पातळी खरी राहत नाहीं.

या साऱ्याला केवळ थरथरीपुरतें महत्त्व असतें, तर त्याविषयीं इतका वेळ बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु जुन्या विलीस धाटणीच्या जीपमध्यें हातब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागें, याच दांड्याच्या मुळाशीं असतो. दांडा मोडला कीं इंजिनाचा आवर सुटतो, आणि हातब्रेकही त्याच क्षणीं निरुपयोगी होतो. पुढचा गिअर लागलेला नसेल, तर उरतो फक्त पायब्रेक. आणि मोडलेला दांडा आपटून त्याच्या तेलाची नळी तुटली, तर तोही संशयांत पडतो. दांड्याचें पुढचें टोक रस्त्यावर पडून जमिनींत रुतलें, तर गाडी मागून उचलली जाण्याची भीति असते. होळीच्या सुमारास भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हां सातपुड्यांतील वाटांवर गाड्या माणसांनीं गच्च भरून उतरतात. अशा उतारावर एका क्रॉसवर किती जीव टांगलेले असतात, याची कल्पना आंत बसलेल्यांना नसते. चालविणाराला ती असली पाहिजे. क्रॉसच्या टोपीभोंवतीं तांबूस भुकटी दिसली, उलट्या गिअरला टक् असा आवाज आला, अथवा ठराविक वेगाला घूं घूं सुरू होऊन पाय सोडतांच बदलली, तर तो दांड्याचा निरोप समजावा. दांड्याखालीं लोखंडी कडें बसविणें हाही थोड्या खर्चाचा मोठा उपाय आहे.

कायद्याचीही यांत बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार नोंदलेल्या गाडींत करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच बजाविलें. तेव्हां स्पर्धेच्या मैदानावर जें शोभतें, तें प्रवासी वाहतुकीच्या गाडीस करूं नये. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते धुळ्यास एकमेकांना छेदतात. त्यांवर धांवणाऱ्या मालमोटारींनाही हा धडा लागू आहे. अधिक ओझें घेण्यासाठीं एक जादा पाटा घातला, तरी आंस फिरतो, उंची बदलते, कोन बदलतात. आणि मालक पुढें वर्षभर क्रॉस बदलीत राहतो.

उंची मिळविणें सोपें आहे. ती निभावणें अवघड आहे. एका ठिकाणीं चार बोटें वाढविलीं, कीं सांधा, पिनियन, तेल आणि दांड्याची लांबी हीं सर्व आपापला हिशेब मागूं लागतात. तो हिशेब सपाट जागेवर, नेहमींच्या ओझ्यासह, ओळंबा लावून आधींच करून ठेवला, तर घाटांत तो चुकता करण्याची वेळ येत नाहीं. गाडी उचलण्यापूर्वीं ती मोजावी, आणि उचलल्यावर पुन्हा मोजावी. सातपुड्याच्या वाटेला लागणाऱ्यानें एवढें तरी करावेंच.